अकरा बायका आणि एक सैल नट

"काय झालं रं हणमा? गाडी का थांबली?"

हौसाकाकीनं मागच्या सीटवरून विचारलं, तेव्हा माझं डोकं बॉनेटखाली होतं आणि बोटं डिझेलनं ओली झाली होती.

"बघतो काकी. कायतरी झालंय," मी वर न बघता म्हणालो.

काहीतरी झालं नव्हतं, मीच ते केलं होतं. दहा मिनिटांपूर्वी रेडिएटरला पाणी घालायच्या निमित्तानं मी झऱ्यापाशी गाडी थांबवली आणि डिझेलच्या पाइपचा नट दीड फेरा सैल करून ठेवला. डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरली की इंजिन दोन आचके देतं आणि गप्प बसतं. ड्रायव्हर लोक त्याला 'गाडीनं एअर घेतला' म्हणतात. झऱ्यापासून दोन वळणं खाली आलो आणि माझ्या जीपनं अगदी ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी एअर घेतला.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. गाव सतरा किलोमीटर खाली होतं. पाच वाजता मतदान संपणार होतं आणि गाडीत अकरा बायका होत्या.

हे मतदान आमदार-खासदाराचं नव्हतं. गावातलं भाऊशेठचं दारूदुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर गावातल्या बायकांनी मत द्यायचं होतं. पुरुषांना त्यात मत नाही. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान राहू दे म्हणणारीनं उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीनं आडवीवर. आणि यात एक मोठी मेख होती. मतदार यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई आलीच नाही, ती दुकानाच्या बाजूची धरायची.

भाऊशेठला हे गणित तोंडपाठ होतं. आठ दिवस आधी त्यानं मला दुकानामागं बोलावलं. दुकानासमोर मी रोजच असायचो, त्यामुळे मागं बोलावलं याचाच मला मान वाटला.

"हणमंता, अटीतटीची हाय. दहा-वीस मतांचा खेळ," तो म्हणाला. "सड्यावरच्या वाडीतल्या अकरा बायका एकसारख्या आडव्यावर मारणार. त्यांची वाघजाईची ओटी राहिलीया न्हवं यंदाची? रविवारी तुज्या गाडीतनं फुकट दर्शन घडवू. माघारी येताना घाटात गाडी बंद पडंल. गाडीच ती, पडती बंद. दारूचा एक खंबा आता सीटखाली ठेव. काम झाल्यावर दुसरा."

मी हो म्हणालो. एकदाही विचार न करता म्हणालो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे काही झालं त्यावरून मी मुळात भला माणूस होतो असा कुणाचा समज व्हायला नको. मी वडापची जीप चालवायचो, शेअर सीटची, गाव ते तालुका. पहाटे एक चपटी पोटात घातल्याशिवाय माझा हात स्टिअरिंगवर ठरत नसे. पंधरा-पंधरा माणसं गाडीत बसवून मी तसा चालवायचो.

बायको शालन या मतदानासाठी दारोदार फिरत होती. घरात मात्र ती मला सहा महिने काही म्हणत नव्हती. आधी भांडायची, रडायची, माहेरी जायची, देवापुढं भंडारा उचलून शपथा घालायची. पाच शपथा मी घेतल्या आणि पाचही मोडल्या. मग एक दिवस तिनं बोलणंच सोडलं. ताट वाढायची आणि निघून जायची. मला वाटलं, चला, कटकट मिटली. पण त्या शांततेचं मला आतून भ्यावंसं वाटायला लागलं होतं. रविवारी सकाळी मी "कराडला लग्नाचं भाडं हाय" म्हणून थाप मारली, तेव्हाही तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

सड्यावरच्या बायका मात्र पहाटेपासून नटून तयार होत्या. हौसाकाकी त्यांची म्होरकी. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, जिभेनं त्याहून.

"भाऊशेठच्या गाडीतनं देवीला जायाचं, ओटी भरायची आन् चारच्या ठोक्याला येऊन भाऊशेठच्याच दुकानावर शिक्का मारायचा," तिनं गाडीत चढता चढता जाहीर केलं. सगळ्या खिदळल्या. वर घाटमाथ्यावर देवळात तिनं वाघजाईला कौल लावला, बाटली आडवी होईल का म्हणून. देवीच्या डाव्या-उजव्या खांद्यावर फुलं चिकटवली आणि अर्धा तास सगळ्या टक लावून बसल्या. एकही फूल पडेना.

"देवीला पण आचारसंहिता लागली जणू," काकी म्हणाली आणि उठली.

अशा बायकांना मी घाटात अडकवणार होतो.

तर, बॉनेट उघडं होतं. बायका एकेक करून खाली उतरल्या. त्यांच्यातली इंदा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पस्तिशीची, मनगटानं दणकट. वाडीवर तिच्या घरची पिठाची गिरणी होती.

"एअर घेतला व्हय?" तिनं विचारलं.

"हां. न्हाय, पंपच गेला जणू. मेकॅनिक आणावा लागंल तालुक्यातनं."

तिनं पाइपकडं बघितलं, माझ्या ओल्या बोटांकडं बघितलं आणि काही न बोलता काकीकडं गेली. दोघी हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. मी शिव्यांच्या तयारीत उभा राहिलो. बेवडा, नालायक, भाऊशेठचा कुत्रा, हे सगळं मला रोजचं होतं. शिव्या खायच्या, वैतागायचं आणि वैतागलो म्हणून प्यायचं, ही माझी घडी बसलेली होती.

काकीनं उन्हाकडं बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चला गं. चालत जाऊ."

"काकी, सतरा किलोमीटर हाय!"

"मग काय हितं बसून शिक्का मारू? तू बस सावलीला. आन् ह्यो परसाद खा. सकाळधरनं तुज्या पोटात अन्न न्हाय." तिनं खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ माझ्या हातात ठेवला. माझा हात इतका थरथरत होता की गूळ खाली पडला. तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा ठेवला.

मग अकराच्या अकरा बायका निघाल्या. वळणावरून दिसेनाशा झाल्या.

मी सीटखालचा खंबा काढला आणि दरडीला टेकून बसलो. काम झालं होतं. आता बूच फिरवायचं, बस्स. सकाळची उतरून कित्येक तास झाले होते, कपाळावर घाम होता. अंगातला कण अन् कण त्या बाटलीकडं धावत होता. पण तोंडात काकीचं खोबरं होतं आणि ते गिळल्याशिवाय पिता येत नव्हतं, आणि गिळवत नव्हतं. माझ्यावर हात उगारणारी माणसं मला कळत होती. मला खायला देऊन सतरा किलोमीटर अनवाणी चालत निघालेल्या म्हातारीचं काय करायचं, ते कळेना. शालनपण अशीच वाढायची आणि गप्प जायची. ती कुठंतरी चालतच निघाली होती आणि मी बाटली धरून बसलो होतो, हे मला त्या दरडीखाली पहिल्यांदा नीट दिसलं, आणि मला रडू फुटलं.

मी उठलो. पाना घेतला. साधं काम होतं. नट दीड फेरा आवळायचा, मग पंपाचं बटण अंगठ्यानं दाबत राहायचं, पाइपातली हवा बुडबुड्यांनी निघून जाते आणि गाडी चालू. डोळे मिटून करणारा माणूस मी! पण पाना नटावर बसेना. हात नुसते नाचत होते. एकदा पाना खाली पडला, दुसऱ्यांदा पडला, तिसऱ्यांदा इंजिनाच्या सांदीत गेला तो काढताना मनगट भाजलं. तीन वाजून तीस मिनिटं झाली.

दोन घोट घेतले असते तर हात दगडासारखे स्थिर झाले असते. हे मला अनुभवानं पक्कं माहीत होतं. आणि दोन घोट कधी दोनच नसतात, हेही तितकंच पक्कं माहीत होतं. ती बाटली मी सीटवर ठेवली आणि रस्त्यानं पळत सुटलो.

पळत म्हणजे काय, धापा टाकत. एक चप्पल तुटली, ती तिथंच सोडली. वीस मिनिटांत त्या दीड-दोन किलोमीटर तरी गेल्या असणार, कसं गाठायचं, असं म्हणत पहिलं वळण ओलांडलं आणि गपकन थांबलो. वळणाच्या पलीकडं जांभळाच्या झाडाखाली अकराच्या अकरा जणी बसल्या होत्या. एक तर घोरत होती.

"आलास व्हय?" काकी म्हणाली. "काय म्हंतूस?"

मला श्वास घेता येईना. आयुष्यात मी कुणाला जे म्हणालो नव्हतो, बायकोला नाही, डॉक्टरला नाही, देवाला नाही, ते त्या रस्त्यावर म्हणालो.

"काकी, हात चालंनात माजं. प्यालो न्हाय म्हणून थरथरत्यात. मला एकट्याला हे जमत न्हाय. कुणीतरी या माज्याबरोबर."

इंदा उठलीच. "चल. सैल केल्याला नट तवाच बगितला म्या. रोज सकाळी गिरणीच्या इंजनाचा एअर काडती मी. मला काय कळंना व्हय?"

मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस? तुझी तूच का न्हाई नीट केलीस?"

"म्या गप बसवली तिला," काकी म्हणाली. "नीट हिला करता येती रं, पर चालवाय येती का आमच्यात कुणाला? चालवणार तू. आन् तिथं तुला शिव्या दिल्या असत्या, तर तू सीटखालची काडून तोंडाला लावली असतीस. सगळ्या घाटात खणाखणा वाजत हुती ती. म्या माज्या मालकाला तीस वर्सं शिव्याच दिल्या, हणमा. शिवी दिली की त्याला प्यायाला कारण गावायचं. आता अक्कल आली, तर माणूस ऱ्हायला न्हाय."

"आन् मी आलोच नसतो तर?"

"तर आजचं मत गेलं असतं," काकी उठत म्हणाली. "चल, लई बोलू नगंस. पावणेचार झालं."

मग जी धावपळ उडाली! अकरा बायका आणि मी, घाटाच्या चढावर, लुगडी खोचून, पळत. घोरणारीला दोघींनी काखेत धरून आणली. गाडीपाशी पोचताच इंदानं माझ्या हातातला पाना हिसकावला.

"कुठला?"

"त्यो न्हाय, त्याच्या वरला. उजवीकडं. बास! आता त्यो काळा गोंडा दिसतोय, त्यो दाब. दाबत ऱ्हा."

ती दाबत राहिली. अंगठा लाल झाला तरी थांबली नाही. बुडबुडे आले, फेस आला, मग स्वच्छ डिझेल आलं. "आवळ!" मी ओरडलो. तिनं शेवटचा पीळ दिला. मी चावी फिरवली. एकदा घरघर. दोनदा घरघर. बायका वाघजाईचं नाव घेऊन ओरडायला लागल्या. तिसऱ्यांदा इंजिननं काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं! एवढा जल्लोष माझ्या लग्नात झाला नव्हता.

मी तो खंबा उचलून काकीकडं दिला. "ही तुमच्यापाशी ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

तिनं तो ओटीच्या पिशवीत नारळाशेजारी ठेवला आणि पिशवी पोटाशी धरून बसली.

चार वाजता निघालो. स्टिअरिंग घट्ट धरलं की थरथर जरा दबायची. काकी पुढं माझ्याशेजारी येऊन बसली आणि दर वळणाला म्हणायची, "हळू. मरायचं न्हाय, मत द्यायाचंय." मागं दहा जणी एका सुरात किलोमीटरचे दगड मोजत होत्या. बारा! अकरा! दहा!

घाट उतरलो आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, डोंगराएवढ्या भरलेल्या, रस्ता अख्खा व्यापून मुंगीच्या पावलानं चाललेला. मी हॉर्न दाबला. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की त्याला काही ऐकू जाईना. चार वाजून सव्वीस. आठ किलोमीटर उरलेले. पाच मिनिटं त्याच्या मागं सरपटलो. शेवटी इंदा आणि आणखी दोघी चालत्या गाडीतूनच खाली उतरल्या, ट्रॉलीच्या बाजूनं पळत पुढं गेल्या आणि ट्रॅक्टरसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला, गाणी बंद झाली.

"आरं, कडंला घे! बाटली आडवी करायचीया!"

त्या बिचाऱ्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं ट्रॅक्टर शेतात घातला. आम्ही सुसाट निघालो.

शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा पाचाला आठ मिनिटं कमी होती. शिपाई फाटकाच्या कडीला हात घालूनच उभा होता. शालन बाहेर यादी घेऊन उभी होती, चेहरा उतरलेला. माझी जीप दिसली, तिच्या कपाळावर आठी आली. मग मागचं दार उघडलं आणि त्यातून सड्यावरच्या बायका एकापाठोपाठ एक उड्या मारायला लागल्या. शालनचं तोंड उघडंच राहिलं.

"बघत काय बसलीस, चिठ्ठी काड!" काकी ओरडली.

रस्त्यापलीकडं भाऊशेठ चार माणसं घेऊन उभा होता. तो माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाला, "काय हणमंता, नीट झाली वाटतं गाडी."

एवढ्या गडबडीत काकी मागं फिरली. ओटीची पिशवी उघडली, खंबा बाहेर काढला आणि रस्ता ओलांडून भाऊशेठच्या हातात दिला.

"ही तुमची. पोरानं बूचबी उघडलं न्हाय. बगून घ्या."

सगळा रस्ता हसला. भाऊशेठ बाटली घेऊन तसाच उभा राहिला, कारण मतदान केंद्राबाहेर दारूची बाटली घेऊन दिसणं त्या दिवशी त्याला फारच महागात पडलं असतं. पोलीस तिकडं वळायच्या आत ती शर्टाखाली लपवायची त्याची धडपड मी डोळे भरून बघितली. काकी पळत फाटकातून आत गेली. ती अकरावी. तिच्यामागं कडी लागली.

साडेसहाला निकाल लागला. यादीत एक हजार अडतीस बायका होत्या, आडव्या बाटलीला पाचशे वीस मतं हवी होती. पडली पाचशे त्र्याऐंशी! शाळेचं पटांगण उसळलं. हलगी आली, गुलाल आला, ज्या बायकांचा डोक्यावरचा पदर ढळलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता, त्या फुगड्या घालत होत्या. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. आमची अकरा मतं काढली तरी पाचशे बहात्तर. म्हणजे आम्ही घाटातच राहिलो असतो तरी दुकान गेलंच असतं! खरं सांगतो, माझा थोडा हिरमोड झाला.

पण तो हिरमोड फार टिकला नाही, कारण मला उभं राहवेना. घामानं शर्ट भिजला होता, छाती धडधडत होती, जिभेला कोरड. आणि समोर, शंभर पावलांवर, दुकानाची लाकडी फळी उघडी होती. आदेश निघायला अजून दिवस लागणार होते. बाटली आडवी झाली होती ती कागदावर. आज दुकान होतं, उद्याही असणार होतं, आणि हे बंद झालं की सहा किलोमीटरवर दुसरं होतंच. गावानं आपलं काम केलं होतं. माझं कुणी मत देऊन होणार नव्हतं.

शालन गुलालानं माखून माझ्यापुढं आली. तिला काकीनं सगळं सांगितलं होतं, नटाचंसुद्धा. ती नुसती उभी राहिली, नेहमीसारखी.

"शालन, मला दवाखान्यात घाल," मी म्हणालो.

ती हलली नाही. "कधी?"

"आत्ता. उद्या म्हणालो तर मी येणार न्हाय. शपथ बिपथ नको. शपथ मला जमत न्हाय."

तेव्हा सहा महिन्यांनी ती माझ्यापुढं दोनहून जास्त शब्द बोलली. बोलली म्हणजे किंचाळलीच. "कदम सिस्टर! ओ सिस्टर! हिकडं या!"

उपकेंद्राच्या कदम सिस्टर गर्दीतून आल्या. माझी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि शेवटचा घोट कधी घेतला ते विचारलं. पहाटे पाचला, म्हणालो.

"आणि असे तुम्ही घाट उतरून आलात? अकरा बायका घेऊन? अहो, रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली की फिट येऊ शकते. घाटात आली असती तर?" त्यांचा आवाज चढला होता. "लोकांना वाटतं, देवापुढं हात जोडले की सुटते. अंगाला सवय झालेली असते हो. औषधं देऊन, दवाखान्यात ठेवूनच उतरवावी लागते. उपजिल्हा रुग्णालयात त्याचा वॉर्ड आहे. मी फोन करते. आणि गाडीला तुम्ही हात लावायचा नाही."

माझी जीप सर्जेरावनं चालवली. तो माझ्याच लाइनवरचा वडापवाला, सीट पळवण्यावरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तो काही न विचारता माझ्या सीटवर बसला. मी आणि शालन मागं चढलो, तर आत आधीच अकरा जणी.

"काकी, तुम्ही कुठं? सड्यावर जायाचं न्हाय?"

"देवीला तुज्याबरोबर गेलो, मताला तुज्याबरोबर आलो," काकी म्हणाली. "आता एवढ्यासाठी उतरायचं व्हय? घे रं सर्जा, हाण गाडी."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. त्या वॉर्डात मी बारा दिवस होतो. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. दर गुरुवारी तालुक्याला सुटलेल्या आणि सुटू बघणाऱ्या माणसांची बैठक असायची, तिथं जायला लागलो. दुसऱ्या वर्षी एका हळदीला घसरलो, चार दिवस पीत राहिलो, आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या पायानं त्याच वॉर्डात गेलो. त्याला आता तेरा वर्षं झाली. पण हे सगळं नंतरचं. सगळ्यात अवघड जागा त्या संध्याकाळचीच होती, आणि ती मला घाटातल्या नटापेक्षा जड गेली.

रुग्णालयात आम्ही शिरलो तेव्हा तिथली माणसं उठून उभी राहिली. बारा बायका नखशिखांत लाल, मध्ये एक घामेजलेला, एका पायात चप्पल असलेला पुरुष. डॉक्टर पोरसवदा होत्या. त्यांना वाटलं, कुठंतरी मोठी मारामारी झाली.

"जखमी कोण आहे?"

"कुणी न्हाय. ह्यो प्यायचा थांबणार हाय," काकीनं सांगितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, शालनला शेजारी बसवलं आणि बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाकीच्या दारात थांबल्या. ते त्यांच्या हिशेबी बाहेरच होतं.

"कमी करायचा प्रयत्न कधी केला होता?"

"दर सोमवारी," मी म्हणालो.

"रोज किती घेता?"

हा प्रश्न मला आयुष्यात खूप जणांनी विचारला होता आणि माझं उत्तर तयार असायचं. थोडीशी. कधीमधी. अंग दुखलं तर. ते उत्तर जिभेवर आलंसुद्धा. शालन मान खाली घालून हातावरचा गुलाल खरवडत होती. दारात अकरा जणी श्वास रोखून उभ्या होत्या.

"पहाटे एक चपटी," मी म्हणालो. "दुपारी तालुक्याला फेरी संपली की एक. संध्याकाळी दोन. कधी तीन."

डॉक्टर लिहीत होत्या. शालनचा हात थांबला होता.

"एवढीच?" डॉक्टरांनी विचारलं. "खरं सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो."

आणि शालन, तशीच मान खाली घालून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "निजताना ह्ये डिझेलच्या कॅनमागं ठेवल्याली घेत्यात, ती ऱ्हायली."

तीन वर्षं मला वाटत होतं, ती एक तरी कुणाला ठाऊक नाही. मी शालनकडं बघितलं. पहिल्यांदाच तिनं नजर वळवली नाही.

"ती पण लिहा, डॉक्टर," मी म्हणालो.